डिकीत कोंडलेला सुगंध

सुगंधापासून माणसाच्या जिवाला धोका असतो, असं मी कित्येक वर्षं सांगत आलो आणि शेवटी एकदा ते सिद्धही करून दाखवलं.

मी बुलडाण्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचो. निवृत्त झालो, वर्ग सुटला, पण शिकवायची खोड काही सुटली नाही. ती मग नातेवाइकांवर निघू लागली. आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी माझी एक सूचना पडते. गॅसची नळी मुदत बघून बदला. ओल्या हाताने बटण दाबू नका. गाडीत स्प्रेचा डबा ठेवू नका, उन्हात फुटतो. (ही शेवटची सूचना ध्यानात ठेवा. मी ठेवली नाही!) या सूचनांवर भाचे-पुतणे जोडलेल्या हातांचं चित्र पाठवतात. तो नमस्कार असतो की 'आता पुरे' असतं, हे मी कधी विचारलेलं नाही.

माझी धाकटी बहीण सुमन वरवट बकालला असते. तिची मुलगी पल्लवी. आम्हा नवरा-बायकोला मूल नाही आणि पल्लवीचं सगळं कॉलेज आमच्या घरी राहून झालं, त्यामुळे तिला भाची म्हणायचं ते लोकांसाठी. त्या पोरीवर माझा फार जीव आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी जे काही केलं त्यावरून कोणाला तसं वाटणार नाही.

तर पल्लवीचं साक्षगंध ठरलं. साक्षगंध म्हणजे पुण्याकडे ज्याला साखरपुडा म्हणतात ते. मुलगा वैभव, हिवरा आश्रमचा, शेतीच्या औषधांच्या कंपनीत नोकरीला. दोघं बघण्याच्या कार्यक्रमात भेटले आणि मग भेटायची कारणं आपापली शोधत राहिले. त्याच्या घरात शब्द आईचा चालतो, म्हणजे प्रमिलाताईंचा. बाई कमी बोलतात आणि बोलल्या की घरातले बाकीचे टीव्हीचा आवाज बंद करतात, अशी माहिती आम्हाला मिळाली होती.

साक्षगंधाच्या आठवडाभर आधी पल्लवीचा मला फोन आला. "मामा, मले हे पोरगं आवडलं. खरंच आवडलं. तुम्ही त्या दिवशी कोनाले काही शिकवू नका, बस."

तिच्या या बोलण्याला इतिहास होता. तिचं आधीचं एक स्थळ माझ्यामुळे गेलं, असं आमच्याकडे सर्रास बोललं जातं. मी काय केलं होतं? पोहे खाता खाता मुलाच्या वडिलांना त्यांच्या घरच्या गॅसच्या नळीची मुदत विचारली होती. (संपलेली होती!) पुन्हा असं होणार नाही, कोणाला एक अक्षर शिकवणार नाही, असा मी पल्लवीला शब्द दिला. तो मी पाळला. मी शिकवलं काहीच नाही, फक्त बंदोबस्त केला.

मे महिना होता. बुलडाणा डोंगरावर असल्यामुळे आम्हा बुलडाणेकरांना ऊन म्हणजे काय ते पुस्तकातून माहीत असतं. घाट उतरून खाली पूर्णेच्या पट्ट्यात आलं की ते अंगावर कळतं. आदल्या संध्याकाळी आम्ही वरवटला पोचलो तेव्हा सूर्य मावळला होता, तरी अंगणातली फरशी तळव्याला चटके देत होती. माझी बायको नलिनी म्हणाली की उद्या दुपारी इथे माणसं शिजतील. मी म्हटलं, मांडव आहे, कूलर आहे, माठ आहेत. काळजीचं कारण नाही.

तेवढ्यात सुमन माझ्याजवळ येऊन बसली. "दादा, एक आहे. प्रमिलाताईले उदबत्तीचा तरास होते म्हने. अर्धं डोकं धरते. उद्या देवघरात उदबत्ती नको लावू, एवढंच सांगतलं त्याइनं."

दुसरा कोणी असता तर त्याने उदबत्तीचा पुडा उचलून कपाटात ठेवला असता आणि विषय संपला असता. पण मी पडलो विज्ञानाचा माणूस. उदबत्तीचा त्रास म्हणजे वासाचा त्रास. उदबत्ती हा वासाचा एक प्रकार झाला. बाकीचे प्रकार मोकळे सोडून कसं चालेल? ऐन साक्षगंधात प्रमिलाताईंचं डोकं धरलं, त्या उठून गेल्या, तर पल्लवीचं काय? मी तिथल्या तिथे वासबंदी जाहीर केली आणि अंमलबजावणीसाठी माझी नेमणूक केली. दोन्ही गोष्टींना कोणाची संमती घ्यावी असं मला वाटलं नाही.

सकाळी उजाडताच मी कापडी पिशवी घेऊन निघालो. देवघरातून उदबत्ती, धूप, कापराची डबी. न्हाणीतून फिनेलची बाटली. सुमनच्या कपाटातून डांबराच्या गोळ्या. मग मोर्चा पुतण्यांकडे वळवला. ही चार तरुण पोरं आदल्या रात्रीच मोटारींतून आली होती. प्रत्येकाच्या बॅगेत स्प्रेचा उंच डबा, एकाकडे दोन (एक सकाळचा, एक संध्याकाळचा म्हणे!). त्यांच्या गाड्यांच्या डॅशबोर्डवर मुकुटाच्या आकाराच्या अत्तराच्या बाटल्या, आरशाला टांगलेली कागदी झाडं, एसीच्या जाळीत खोचलेल्या डब्या. सगळं जप्त. मोठा पुतण्या म्हणाला, "काका, ह्या उन्हात स्प्रे मारला नाई तं पाहुन्याइले त्याच्यापेक्षा जास्त तरास होईन." मुद्दा बिनतोड होता, म्हणून मी त्याला उत्तर दिलं नाही.

बायकांच्या गजऱ्यांना हात घातला तेव्हा मात्र बंड झालं. पहाटेच्या गाडीने शेगावहून मागवलेला मोगरा होता तो. नलिनीने गजरा माळलेलं डोकं माझ्यापुढे केलं आणि काढून दाखवा म्हणाली. मी डोळे मिटून काढला. त्यानंतर ती संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही, एक वाक्य सोडून. ते वाक्य पुढे येईल.

एवढ्यात शेजारचे युसूफभाई आले. वरवटच्या बाजारात त्यांचं बांगड्यांचं आणि अत्तराचं छोटं दुकान आहे. आमच्याकडे कोणाचंही शुभकार्य असलं की दारात उभं राहून पाहुण्यांच्या हाताला अत्तर लावायचं आणि गुलाबपाणी शिंपडायचं काम युसूफभाईंचं. सुमनच्या सासऱ्यांपासून हे चालत आलं आहे. ते नवा कुडता घालून, गुलाबदाणी आणि पल्लवीसाठी खास आणलेली खसच्या अत्तराची बाटली घेऊन हजर झाले होते. मी दोन्ही वस्तू त्यांच्या हातातून काढून घेतल्या. मग माझी नजर त्यांच्या कानातल्या अत्तराच्या फायाकडे गेली.

"सर, हा तं माह्या कानात लग्नापासून आहे," युसूफभाई म्हणाले.

मी हात पुढे केला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, सुमनकडे बघितलं, फाया काढून माझ्या तळहातावर ठेवला आणि भिंतीला टेकून बसून राहिले. दारातल्या माणसाला त्या दिवशी दारात काम उरलं नव्हतं.

आता एवढा सुगंध ठेवायचा कुठे, हा प्रश्न होता. सुमन म्हणाली, मागच्या गोठ्यात टाक. पण गोठ्याला भिंती तीनच. वास बाहेर येणार. मला हवी होती हवाबंद जागा. आणि ती माझ्यापाशीच होती. माझी गाडी! लहान आहे, पण काचांना रबराच्या पट्ट्या एकदम घट्ट. सगळा माल मी डिकीत रचला, काचा गच्च लावल्या, कुलूप घातलं. गाडी कुठे लांब नेऊन लावायचीही सोय नव्हती, कारण पुतणे आपापले डबे पळवतील अशी मला शंका होती. म्हणून ती फाटकाशेजारी, कडुनिंबाच्या गर्द सावलीत लावली. तेव्हा नलिनी ते एक वाक्य बोलली.

"उन्हात गाडीत स्प्रे ठेवू नका, हे ग्रुपवर कोण टाकतं?"

मी तिला शांतपणे समजावलं की ती सूचना उन्हातल्या गाडीबद्दल आहे आणि ही गाडी सावलीत आहे. सकाळची वेळ होती; सावली होती यात वाद नाही. सावली फिरते, हे मी सहावीच्या मुलांना दरवर्षी मैदानात काठी रोवून दाखवत असे. दाखवत असे म्हणजे मुलांना दाखवत असे. माझा आणि त्या माहितीचा तेवढाच संबंध होता.

मुहूर्त अकराचा होता. पाहुणे दीड वाजता आले. हिवरा आश्रमहून निघालेल्या त्यांच्या जीपचं चाक वाटेत पंक्चर झालं होतं. तोपर्यंत कूलर दमला, माठ संपले, मांडवात माणसं नुसती घामाने निथळत होती. वासबंदीमुळे कोणाच्या अंगाला दुसरा वास नव्हता. जो होता तो सगळ्यांचा सारखाच होता. मी मात्र समाधानात फिरत होतो. गाडीकडे माझं लक्ष गेलं नाही. कडुनिंबाची सावली शांतपणे गोठ्याच्या बाजूला निघून गेली होती आणि गाडी कधीपासूनची भर उन्हात तापत उभी होती.

जीप थांबली, पाहुणे उतरले. सगळ्यात पुढे प्रमिलाताई. उंच, चष्मा, हिरवी पैठणी. मागे वैभव, त्याचे वडील, त्याची म्हातारी आत्या. फाटकात सुमन ओवाळणीचं ताट घेऊन उभी. ताटात हळद, कुंकू, अक्षता, सुपारी आणि तेवत असलेलं निरांजन. तिच्यामागे पल्लवी. मी आजवर तिला वर्गात पहिली आलेली बघितली आहे, नोकरी लागलेली बघितली आहे, पण इतकी घाबरलेली आणि इतकी सुंदर कधी बघितली नव्हती. 

त्याच वेळी गाडीतून आवाज आला. ठप्प.

कोणीतरी म्हणालं, गेलं वाटते परत चाक. सगळ्यांनी जीपच्या चाकांकडे बघितलं. चारही ठीक होती. सुमनने कुंकवाची वाटी उचलली. पुन्हा, जरा मोठ्याने. ठप्प. आणि मग एकदम बंदुकीसारखा आवाज होऊन माझ्या गाडीच्या मागच्या काचेचा चुरा झाला आणि खळ्ळकन खाली आला. आतून पांढरा ढग बाहेर पडला. त्यात पुतण्यांचे सकाळ-संध्याकाळ, मोगरा, खस, कापूर, फिनेल, सगळे एकत्र नांदत होते.

माझ्या डोक्यात त्या क्षणी विज्ञान परत आलं. (उशिरा आलं, पण सगळं आलं!) स्प्रेच्या डब्यावर ज्वाळेचं चित्र असतं. आत पेट घेणारा वायू असतो. ढग फाटकाकडे सरकत होता आणि फाटकात माझी बहीण पेटतं निरांजन घेऊन उभी होती, तिच्याशेजारी विहीण, मागे माझी पल्लवी. समजावून सांगायला वेळ नव्हता. मी धावलो, सुमन आणि प्रमिलाताई यांच्यामध्ये घुसलो, छाती भरून श्वास घेतला आणि फूऽऽ करून निरांजन विझवलं.

आता हे ज्यांच्या घरात ओवाळतात त्यांनाच कळेल. आमच्याकडे दिवा विझव असं तोंडाने म्हणतसुद्धा नाहीत. दिवा शांत कर म्हणतात. तोंडाने फुंकर मारणं तर दूरच. आणि ओवाळणीचा, तोही साक्षगंधाचा, तोही विहीणबाईंच्या तोंडासमोर! शिवाय निवृत्त झालो तरी वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवलेली माझी फुप्फुसं. दिवा तर गेलाच, पण ताटातली सगळी हळद आणि सगळं कुंकू उडालं आणि प्रमिलाताईंच्या चेहऱ्यावर, चष्म्यावर आणि पैठणीवर जाऊन बसलं.

विझलेल्या वातीतून धूर निघत होता. वैभवच्या आत्याने तोंडाला पदर लावला आणि म्हणाली, "दिवा इझवला माय. ह्या मान्सानं दिवा इझवला. चला, माघारी फिरा."

मी बोलायला गेलो, पण तोंडात हळद गेली होती. कसंबसं ओरडलो की आधी सगळे मागे व्हा, कोणी काडी ओढू नका, विडी पेटवू नका. सुमन हातातल्या ताटाकडे बघत होती, ते बघवत नव्हतं. पल्लवी माझ्याकडे बघत होती, ते त्याहून बघवत नव्हतं. ती रडत नव्हती. नुसती "मामा" म्हणाली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

प्रमिलाताईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. मग त्यांनी विचारलं, "सर, त्या गाडीत काय हाय?"

मी सगळं सांगितलं. उदबत्तीपासून फायापर्यंत, काही लपवलं नाही. सांगता सांगता मलाच ते ऐकवेना. हे सगळं तुम्हाला वासाचा त्रास होतो म्हणून, असं शेवटी म्हणालो.

"वासाचा?" त्या म्हणाल्या. "मला नुसता उदबत्तीच्या धुराचा तरास हाय. अत्तर तर मी रोज लावते."

भिंतीजवळ बसलेले युसूफभाई मान खाली घालून हलत होते. हसत होते की रडत होते ते मला कळलं नाही, आणि विचारायचा मला अधिकार उरला नव्हता.

आत्याचं माघारी फिरा चालूच होतं. वैभव जीपकडे निघाला. मला वाटलं, हाही माघारी निघाला. त्याने जीपमधून हातमोजे काढले, घातले, आणि माझ्या पुतण्यांना म्हणाला, "गाडी चालू नका करू. दारं उघडून वारं जाऊ द्या, मग ढकलून लांब नेऊ." पुतणे उठले. हिवऱ्याची माणसं आणि वरवटची माणसं, सगळी नव्या कपड्यांत, खांद्याला खांदा लावून माझी गाडी समोरच्या मोकळ्या वावरात ढकलत घेऊन गेली. दोन घरांनी मिळून केलेलं हे पहिलं काम. मी मदतीला जाऊन फिनेलने ओल्या झालेल्या गाडीला हात लावला, तर सगळ्यांनी एकमुखाने मला जागेवर बसायला सांगितलं.

ती माणसं घामाघूम होऊन परत आली तेव्हा प्रमिलाताई अजून फाटकातच उभ्या होत्या. त्यांनी सुमनला विचारलं, "निरांजनात तूप हाय ना?" सुमनने मान हलवली. "मग आत चला. लावू परत." आत्या म्हणाली, "पन अपशकून?" प्रमिलाताई म्हणाल्या, "त्याइनं फुंकला नसता तर आज सगळ्याइचाच दिवा इझला असता. चला, ऊन लागून राह्यलं."

आतल्या खोलीत, गाडीपासून चांगलं लांब, प्रमिलाताईंनी स्वतःच्या हाताने निरांजन लावलं आणि आधी पल्लवीला ओवाळलं. त्यांच्या कपाळभर, नाकावर, कानावर हळद होती. ती त्यांनी तशीच राहू दिली. मी दाराआडून बघत होतो. डोळे भरून आले आणि मी ते पुसले नाहीत, कारण हाताला फिनेल लागलं होतं.

गाडीतून एकच वस्तू शाबूत निघाली. युसूफभाईंची खसच्या अत्तराची बाटली. डिकीत ठेवताना मी ती गोठ्यातल्या चारा आणायच्या फडक्यात गुंडाळली होती, म्हणून वाचली. ती थंड झाल्यावर त्यांनी दारात उभं राहून सगळ्यांच्या हाताला अत्तर लावलं. माझी पाळी आली तेव्हा थोडा विचार केला आणि कापसाचा एक फाया करून माझ्या कानात खोचला. "आता हा काढू नका, सर," एवढंच म्हणाले.

लग्न झालं, संसार सुखाचा चालला आहे. गाडीला नवी काच बसवली. वास मात्र गेला नाही; मोहोराच्या दिवसांत मधमाश्या माझ्या गाडीमागे चौकापर्यंत येतात. ग्रुपवर मी अजूनही सूचना टाकतो. जोडलेल्या हातांच्या जागी आता फुंकर मारणाऱ्या तोंडाचं चित्र येतं.

आणि दर भाऊबीजेला सुमन मला ओवाळते. पाटावर बसवते, टोपी घालते, कुंकू लावते आणि निरांजन पेटवायच्या आधी पल्लवीला हाक मारते. पल्लवी मागून येऊन माझ्या तोंडावर हात ठेवते, मगच ओवाळणं होतं. गेल्या वर्षीपासून हे काम तिने वैभवकडे दिलं आहे. जावयाचा पंजा मोठा आहे. नाकसुद्धा झाकलं जातं.